घंटा कोणाच्या बैलाला?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकत. आता यातलं काहीच उरलेलं नाही. ते का उरलं नाही, तेच आज सांगायचं आहे. लहानांनी पुढं बसावं. मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल, पण कान उघडे ठेवावेत, कारण ही गोष्ट जास्त करून त्यांचीच आहे.

एका उंच पठारावर एक राज्य होतं. तिथं ज्वारी पिकायची, तूर पिकायची, ऊस तर उदंड व्हायचा. मीठ मात्र चिमूटभरही नव्हतं. मीठ होतं खाली, समुद्रकाठच्या आगरात. मधे मोठा अवघड घाट होता, आणि त्या घाटानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून एक तांडा वरखाली करायचा. तांडा वेळेवर आला की राज्यातल्या चुली खूश. तांडा लांबला की घरोघरी आमटी अळणी, आणि राजवाड्यातही तीच आमटी.

त्या घाटातून तांडे बरेच जायचे. पण या तांड्याचं मीठ सगळ्यांच्या आधी पोहोचायचं, कोरडं पोहोचायचं, आणि त्याच्या बैलांच्या पाठी कधी सोलवटलेल्या नसायच्या. दुसरे तांडेवाले येऊन त्यांच्या दोऱ्या बघायचे, गोण्या चाचपायचे, बैल काय खातात ते विचारायचे. त्यांना काही सापडायचं नाही, कारण ते सकाळी यायचे. खरी गोष्ट घडायची ती संध्याकाळी.

संध्याकाळी मुक्कामावर गोण्या उतरल्या, बैलांना वैरण पडली, की सगळे गडी गोल करून बसायचे. तांड्याचा नाईक भाकरीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, “आज कुठं टोचलं?”

टोचलं म्हणजे काटाच टोचला पाहिजे असं नाही. कोणाची दोरी काचली, कोणाची गोणी गळली, कोणाचा बैल ओढ्यात अडून बसला. ज्याला जे टोचलं ते त्यानं सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून डोकं खाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी एखादी लहानशी गोष्ट वेगळी करून बघायची. जमली तर ठेवायची, नाही जमली तर सोडून द्यायची. रुसवाफुगवा नाही. अशानंच त्यांना एका हिसक्यात सुटणारी गाठ सापडली. अशानंच गोणीखाली वाळल्या गवताची गादी आली. ती गाठ आधी कोणाला सुचली, हे कोणाला आठवत नव्हतं, आणि आठवावं असं कोणाला वाटतही नव्हतं.

बैलांनाही त्या गोलात बोलायची मुभा होती. ते थोडक्यात बोलायचे. माणसांनी ही सवय त्यांच्याकडून घेतली असती तर बरं झालं असतं.

या तांड्यात दोन साडू होते. थोरला साडू तांड्याच्या पुढं चालायचा. घाटाचं प्रत्येक वळण त्याच्या पायांना पाठ होतं, म्हणून सगळे त्याला वाटाड्या म्हणत. धाकटा साडू सगळ्यांच्या मागं चालायचा. कोणाचं काय पडलं, कोणाची दोरी सैल झाली, कोणता बैल लंगडतोय, हे मागून त्याला दिसायचं. पुढं एक डोळा, मागं एक डोळा, असा तो तांडा चालायचा.

दोघांच्या सासऱ्याकडे मुली दोन आणि गाय एक. गाईचे दोन गोऱ्हे त्यानं दोन जावयांना दिले होते. थोरल्या जावयाला थोरला, धाकट्याला धाकटा. म्हणजे पुढं चालणारा बैल आणि मागं चालणारा बैल हे सख्खे भाऊ. दिवसभर दोघांत सगळा तांडा असायचा. मुक्कामावर दावी सुटली की धाकटा चालत पुढं यायचा आणि थोरल्याच्या मानेवर मान टाकून उभा राहायचा.

असं सगळं बरं चाललं होतं. मग राजाला आनंद झाला.

राजाला आनंद झाला की काही ना काही घोटाळा होतोच. त्या साली मोठ्या सणाला मीठ अगदी ऐन वेळेवर पोहोचलं, आणि राजानं खूश होऊन तांड्याला एक पितळी घंटा दिली. घंटा सुरेख होती. आवाज तर असा, की घाटाच्या या टोकाला वाजली की त्या टोकाला कान टवकारावे. तांड्यात घंटा एक आणि बैल पुष्कळ. कोणाच्या गळ्यात बांधायची?

नाईक भला माणूस होता. भल्या माणसांना भलत्या वेळी चांगल्या कल्पना सुचतात. त्यानं गोलात उभं राहून सांगितलं, की तांड्याच्या कामात ज्याची सुधारणा सगळ्यांत चांगली, त्याच्या बैलाला घंटा. दर फेरीला नव्यानं ठरवू. म्हणजे सगळ्यांना हुरूप येईल.

सगळ्यांना ते पटलं. फक्त थोरला बैल रवंथ करता करता म्हणाला, “आजवर तर सगळे घंटेशिवायच बोलत होते की.” पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष घंटेकडे होतं. त्याचं बोलणं कोणाच्या कानांत शिरलं नाही.

पहिली घंटा वाटाड्यानं मिळवली. घाटात एक आंधळं वळण होतं. समोरून दुसरा तांडा आला तर दोघांची कोंडी व्हायची. वाटाड्यानं सुचवलं, की वळणाच्या अलीकडे थांबून शिंग फुंकायचं, उत्तर आलं नाही तरच पुढं जायचं. कोंडी थांबली. घंटा थोरल्या बैलाच्या गळ्यात आली. वाटाड्या त्या फेरीत असा चालला, की घाट जणू त्याच्या सासऱ्यानं आंदण दिला आहे. त्याच्या बायकोनं पाणवठ्यावर धाकट्या बहिणीला ती हकीकत पुन्हा पुन्हा ऐकवली. धाकटीनं ती दरवेळी पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकली.

पुढच्या फेरीला मात्र धाकट्या साडूनं एक साधी गोष्ट सांगितली. गोणी एका बाजूनं लादली की बैल कलतो आणि त्याची पाठ मुरगळते. तेव्हा दोन गड्यांनी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लादावं. झालं, एवढंच. पण लादणी निम्म्या वेळात उरकू लागली आणि बैल आशीर्वाद देऊ लागले. नाईकानं थोरल्याच्या गळ्यातली घंटा सोडली आणि धाकट्याच्या गळ्यात बांधली.

“एवढं तर कोणालाही सुचलं असतं,” वाटाड्या म्हणाला. सुचलं असतं हे खरं. पण सुचलं नव्हतं, हेही खरंच होतं, आणि तेच त्याला झोंबत होतं.

त्या दिवसापासून त्याचे हाल सुरू झाले. तो पुढं आणि घंटा मागं. चढावर घंटा, उतारावर घंटा, ओढ्यात पाय घातला की घंटा. मागं वळून बघावं तर लोकांना कळेल, न बघावं तर कान तिकडेच. पूर्वी चालताना तो वाट बघायचा, दगड बघायचा, आभाळ बघायचा. आता तो फक्त ऐकायचा. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. ते पुरतं खरं नाही. या माणसाला तर आधी पाठीला कान फुटले, डोळे नंतर गेले.

घरी आला तरी सुटका नव्हती. एके दिवशी बायको पाण्याच्या घागरी उतरवत म्हणाली, “आज धाकटी भेटली होती पाणवठ्यावर.”

“मग? काय म्हणाली घंटेचं?”

“काही नाही म्हणाली. नुसती हसली.”

“हसली? कशी हसली?”

बायकोनं विचार केला. “हसली म्हणजे, हसली. दात दिसले.”

“बघ. मला ठाऊकच होतं,” वाटाड्या म्हणाला आणि जेवता जेवता उठला. धाकटी रोजच तशी हसायची. लग्नाआधीपासून हसायची. पण आता त्या हसण्यालाही घंटा बांधलेली होती.

आणि एकट्या वाटाड्याचंच असं झालं होतं असं समजू नका. तो जरा मोठ्यानं जळत होता, बाकीचे मंद आचेवर. घंटा मिळवायची तर आपली सुधारणा आपल्याच नावावर लागली पाहिजे. मग टोचलेलं सांगायचं कशाला? आपण सांगायचं आणि उपाय दुसऱ्याला सुचायचा, की घंटा त्याची. त्यापेक्षा गप्प बसावं, आपलं आपण शोधावं, आणि सगळं तयार झालं की थाटात सांगावं. प्रत्येकाला हे वेगवेगळं सुचलं आणि प्रत्येकाला वाटलं, आपण किती हुशार.

संध्याकाळी नाईक विचारायचा, “आज कुठं टोचलं?” गडी एकमेकांकडे तिरके बघायचे आणि म्हणायचे, “काही नाही. सगळं झकास.” नाईकाला वाटलं, घंटेची करामत. आता आपल्या तांड्यात काही उणंच राहिलं नाही. तो समाधानानं भाकरी मोडायचा. गोण्या पुन्हा गळू लागल्या होत्या, त्या गुपचूप शिवल्या जात होत्या.

आता त्या शिळेविषयी सांगतो.

घाटाच्या माथ्याजवळ, कड्याच्या कुशीतून जाणारी एक अरुंद वाट होती. वाटेत एक खोल घळ आडवी येत होती, आणि घळीवर एक लांबरुंद शिळा टाकलेली होती. कोणी टाकली कोणाला ठाऊक. आजे-पणजे तिच्यावरूनच गेले होते. एका वेळी एकच बैल तिच्यावरून जायचा.

एका फेरीत मीठ घेऊन वर जाताना थोरल्या बैलानं शिळेवर पाय ठेवला आणि थबकला. “शिळा हलली,” तो म्हणाला.

वाटाड्यालाही ते जाणवलं होतं. त्यानं बैलाच्या कानाशी तोंड नेलं. “गप्प राहा. मी बघतो.”

“संध्याकाळी सांगशील ना?”

“मी बघतो म्हटलं ना.”

संध्याकाळी नाईकानं विचारलं. वाटाड्याच्या जिभेवर शिळा आली होती. पण समोर धाकटा साडू बसला होता, आणि दगड रचण्यात त्याचा हात कसा आहे हे वाटाड्याला चांगलं ठाऊक होतं. शिळेचं नाव काढायचा अवकाश, तो उपाय सांगणार. घंटा मग त्याच्याच बैलाच्या गळ्यात मुरणार. “सगळं झकास,” वाटाड्या म्हणाला. थोरल्या बैलानं त्याच्याकडे बघितलं. पण धनी गप्प म्हणाला होता, म्हणून तो गप्प राहिला.

परतीच्या वाटेवर बैलाच्या खुरात खडा गेल्याचं निमित्त करून वाटाड्या शिळेपाशी मागं राहिला. सगळे पुढं गेल्यावर त्यानं एक दगडाची कपची शोधली आणि शिळेच्या ज्या कडेला ती हलत होती तिथं पाचर म्हणून ठोकून बसवली. मग शिळेवर उभं राहून बघितलं. शिळा हलेना. त्याचा ऊर भरून आला. आता नाईकाला सांगायचं, पण असं तसं नाही. राजाची माणसं हजर असताना सांगायचं.

थोरला बैल शिळेवरून दोनदा चालला. “हलायची थांबली,” तो म्हणाला. “पण आवाज बदललाय. पोकळ वाजतेय. धाकट्याला विचारू या. तो मागून येतो, त्याला काही दिसलं असेल.”

“त्याचं नाव काढू नकोस माझ्यापुढं.”

“माझा भाऊ आहे तो,” बैल म्हणाला. “मी बैलाबद्दल बोलतोय. तू कोणाबद्दल बोलतोयस?” वाटाड्यानं दावं ओढलं आणि चालू लागला.

थोड्याच दिवसांत राजाच्या मुलीचं लग्न ठरलं. राज्यभर जेवणावळी, लोणची, पापड. मीठ हवं आणि भरपूर हवं. नाईकानं गोण्या नेहमीपेक्षा गच्च भरून घेतल्या. लादताना गडी कण्हले, पण टोचलं असं कोणी म्हणालं नाही.

निघण्याच्या सकाळी नाईक म्हणाला, “आपण लग्नघरी चाललोय. वेशीवर लोकांना आधी घंटा ऐकू यायला हवी. घंटेचा बैल पुढं राहू दे या खेपेला. वाटाड्या, तू मागं चाल.”

सगळ्यांसमोर म्हणाला. वाईट हेतू काही नव्हता, पण वाटाड्याच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्यानं वाट दाखवली त्यानं आता सगळ्या बैलांच्या धुळीतून चालायचं. धाकटा साडू जवळ आला आणि हळूच म्हणाला, “साडूभाऊ, मी सांगितलं नव्हतं हं असं करा म्हणून. वळण आलं की शिंग तुम्हीच फुंका, मागून ऐकू येतं.” तो मनापासून बोलला होता. वाटाड्याला मात्र त्यात दया दिसली, आणि जळणाऱ्या माणसाला दयेइतकं काही चटका देत नाही. तो मागं गेला.

घाट चढून तांडा माथ्याजवळ आला. अरुंद वाट सुरू झाली. वाट वळणाची होती, त्यामुळे शेवटच्या बैलापाशी उभं राहिलं की घळीपलीकडचा कडा आणि शिळेकडे जाणारा पहिला बैल, दोन्ही समोर स्वच्छ दिसायचं. वाटाड्याला धाकटा बैल दिसला. त्याच्या पाठीवरच्या गच्च गोण्या दिसल्या. शेजारी दावं धरून चाललेला साडू दिसला. घंटा मजेत वाजत होती.

“ओरड,” थोरला बैल म्हणाला.

वाटाड्यानं तोंड उघडलं. मी खरं तेच सांगतो, त्यानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात घंटेचा आवाज घळीत शिरून घुमला, दुप्पट होऊन परत आला, आणि पुढचे गडी कौतुकानं हसले. त्याचं तोंड मिटलं. त्याच्या मनात आलं, पाचर ठोकलीय आपण. नाही पडायची. जरा हलली तर हलू दे. जरा घाबरू दे त्याला. सगळ्यांसमोर पाय लटपटू दे एकदा.

“ओरड ना रे,” बैल म्हणाला. बैलाचे शब्द जवळच्यालाच ऐकू जायचे, म्हणून तो स्वतःच हंबरला. पण मागं राहिलेल्या बैलाचं हंबरणं कोण मनावर घेतो? भावाला हाक मारतोय, म्हणाले सगळे.

धाकट्या बैलानं शिळेवर पुढचे पाय ठेवले, मग मागचे. शिळा हलली नाही. ती एका कडेनं सरळ खाली बसली, आणि मग गेली.

घंटेचा आवाज खाली गेला. वाजत गेला, कड्यावर आपटत गेला, लहान होत गेला. आणि थांबला. इतके दिवस जो आवाज बंद व्हावा म्हणून वाटाड्या तळमळत होता, तो आवाज बंद झाला. त्या शांततेत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

साडू बैलाबरोबर गेला नव्हता. दावं हातातून सुटलं होतं आणि घळीच्या तोंडाशी एका झाडाच्या मुळीला त्याचा हात लागला होता. सगळ्यांच्या आधी वाटाड्याच मागून बैलांना खेटत धावत आला. कडेला पोटावर पडून त्यानं साडूचं मनगट धरलं, बाकीच्यांनी वाटाड्याचे पाय धरले, आणि साडूला वर ओढलं. त्याचा एक पाय गुडघ्याखाली मोडला होता. तो पायाकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता.

वाट तुटली होती. तांडा मागं फिरला. लग्नाचं मीठ घाटातच राहिलं.

संध्याकाळी मुक्कामावर गोल बसला. साडूचा पाय बांबूच्या कामट्यांनी बांधून त्याला मधे निजवलं होतं. भाकरी तशाच पडल्या होत्या. नाईकानं विचारलं, पण आज त्याचा आवाज म्हाताऱ्यासारखा आला. “आज कुठं टोचलं?”

वाटाड्या उठून उभा राहिला. “शिळा हलत होती,” तो म्हणाला. “मला गेल्या फेरीपासून ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नाही. एका कडेला पाचर ठोकली आणि गप्प बसलो. आज मला ओरडता आलं असतं. मी ओरडलो नाही. मला त्याची घंटा सहन होत नव्हती.”

आता साडू काय म्हणतो, शिव्या देतो का शाप देतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. साडूनं डोळे मिटून घेतले होते.

“दुसऱ्या कडेखालची माती गळत होती,” तो म्हणाला. “सगळे बैल पुढं गेले की मला मागून दिसायचं. थोडी थोडी गळायची. मीही सांगितलं नाही. वाटलं, या खेपेला परतताना आपणच दगड भरू, आणि घंटा आपल्याकडेच राहील. साडूभाऊ, तुम्ही पाचर ठोकली तिथं नाही पडली शिळा. तुमच्या पाचरीनं सगळा भार माझ्या मातीवर आला.”

पुढच्याला हलणं ठाऊक होतं, मागच्याला गळणं ठाऊक होतं. दोघं रोज एकाच गोलात, एकाच विस्तवाशी बसून भाकरी खात होते. एक जण एक वाक्य बोलला असता तर दुसऱ्याच्या तोंडून दुसरं निघालंच असतं.

मग एकेक जण बोलू लागला. गोण्या फार गच्च भरल्या आहेत हे लादतानाच कळलं होतं, एक म्हणाला. कड्यात नवी भेग पडलीय ती मी बघितली होती, दुसरा म्हणाला. शिळेला पर्याय म्हणून आडवं टाकता येतील अशी ऐनाची दोन सरळ झाडं मला ठाऊक आहेत, तिसरा म्हणाला, ती मी घंटेसाठी राखून ठेवली होती. नाईकानं कपाळाला हात लावला. त्यानं कोणालाच बोल लावला नाही. घंटा मी बांधली, एवढंच तो म्हणाला.

आणि तिथंच, त्याच बैठकीत, वाट कशी बांधायची ते ठरलं. झाडं कोणती तोडायची, खालून दगडांचा आधार कुठं द्यायचा, भार कोणत्या कडेला येऊ द्यायचा नाही, सगळं. साडूनं पडल्या पडल्या दगड कसे रचायचे ते सांगितलं, वाटाड्यानं पाय कुठं पडतो ते सांगितलं. भाकरी पुन्हा गरम होईतो बोलणं संपलंदेखील. एवढ्याच वेळाचं ते काम होतं. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि हातातल्या भाकरी पुन्हा खाली ठेवल्या गेल्या.

घळीत उतरून गड्यांनी घंटा वर आणली. ती एका बाजूनं चेपली होती, आवाज फाटला होता. नाईकानं ती कोणाच्याही बैलाला बांधली नाही. नव्या पुलाच्या तोंडाशी एका खांबाला ती टांगली, आणि रीत घातली, की ज्याच्या पायाला इथं काही वेगळं लागेल त्यानं ती वाजवायची, मग तो माणूस असो की बैल, आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. संध्याकाळी पुन्हा सगळे सांगू लागले. कोणाला काय सुचलं ते पुन्हा कोणी लक्षात ठेवीनासं झालं. तांडा पूर्वीसारखा चालू लागला, हळूहळू पूर्वीपेक्षा बराही चालू लागला.

साडूला मात्र पुन्हा घाट चढता आला नाही. तो खाली आगरात बसून दोऱ्या वळायचा. पिछाडीची जागा वाटाड्यानं स्वतः मागून घेतली. थोरली बहीण पाणवठ्यावर आता धाकटीची घागर आधी भरायची. धाकटी तिच्याशी बोलायची, पण पूर्वीसारखी हसायची नाही.

आणि थोरला बैल?

शिळा कोसळली त्या संध्याकाळी वाटाड्या कोवळं गवत घेऊन त्याच्यापुढं बसला. “माझं चुकलं,” तो म्हणाला. बैलानं शिंग उगारलं नाही, तोंड फिरवलं नाही. गवत मुकाट्यानं खाल्लं. पण बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाईकानं गोलात विचारलं, थोरल्या, तुला कुठं टोचलं? बैल गप्प. त्याचं बघून दुसरे बैल गप्प झाले, मग त्यांचं बघून सगळ्या मुलखातले. त्यांना बोलता येत नाही असं नाही. सांगूनही माणूस ऐकत नाही हे एकदा त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या दृष्टीनं एकदा बघणं पुरेसं होतं.

वाटाड्या मात्र म्हातारा होईपर्यंत रोज संध्याकाळी बैलाच्या मानेवर मान टाकून तोच प्रश्न विचारायचा. त्या मानेवर पूर्वी दुसऱ्या कोणाची तरी मान असायची, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. बैल त्याची मान झटकत नसे, पण उत्तरही देत नसे.

तात्पर्य : दिसलेली खोट जो मत्सरापोटी आपल्यापाशीच ठेवतो, तो दुसऱ्याचा मान नव्हे, सगळ्यांची वाट मोडतो.